खिडकी गळत नव्हती, खिडकीही गळत होती

उशीवर पडलेला थेंब चाखून बघायचा असतो, हे मला स्वतःची बोट विकत घेतल्यावर कळलं. खारट लागला तर समुद्र आत येतोय. गोड लागला तर पाऊस, नाहीतर रात्रभर आपणच सोडलेली वाफ. मधली चव सगळ्यात फसवी: पावसाच्या पहिल्या सरी डेकवर साठलेलं मीठ धुऊन आणतात, त्यामुळे बंदरात बांधलेल्या बोटीतही थेंब खारट लागू शकतो. मी पहिलं वर्षभर थेंब न चाखता थेट खिडकीवर आळ घेतला, आणि त्यातून पुढचं सगळं रामायण घडलं.

बोट साडेआठ मीटरची, फायबरग्लासची, चाळिशी उलटलेली. धाकट्या भावाबरोबर भागीत घेतलेली. केबिनच्या दोन्ही बाजूंना एकेक लांबट, न उघडणारी खिडकी. तिला आम्ही काच म्हणतो, पण आहे ॲक्रिलिक, म्हणजे पारदर्शक प्लास्टिक. साधारण ९० सेंटीमीटर लांब, बाहेरून केबिनच्या भिंतीवर टेकवून कडेने स्क्रू मारलेली. शिवाय संडासाला एक छोटी उघडती खिडकी आणि बोटीच्या पुढच्या टोकाकडे छतात एक झडप. उजव्या खिडकीखालची झोपायची फळी माझी. गळती अर्थातच तिथेच.

पहिल्या वर्षी मी जे केलं ते बहुधा सगळेच करतात. न्हाणीघराच्या फरशांना लावतात तसल्या सिलिकॉनची नळी आणली आणि खिडकीच्या बाहेरच्या कडेने जाड वळ ओढला. हाताचं बोट ओलं करून त्यावर फिरवलं, वळ छान गुळगुळीत दिसला. दोन दिवस केबिनभर व्हिनेगरसारखा आंबट वास. हा वास आला की समजावं की सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतंय. धातूच्या आसपास ते वापरू नये, गंजाला आमंत्रण मिळतं. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. पहिल्या पावसात थेंब पुन्हा उशीवर, फक्त जागा चार बोटं सरकलेली.

"ताई, पाणी जिथे दिसतं तिथून येत नसतं," भाऊ म्हणाला. तो हे प्रत्येक बाबतीत म्हणतो, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. पण या वेळी तो बरोबर होता. आमच्या बोटीत बाहेरचं कवच आणि आतलं अस्तर अशा दोन भिंती आहेत, मध्ये पोकळी. छतात शिरलेलं पाणी त्या पोकळीतून आरामात प्रवास करतं आणि जिथे पहिलं भोक सापडेल तिथून डोकं काढतं. खिडकीसाठी कापलेली मोठी जागा म्हणजे त्याच्या वाटेवरचा हमखास थांबा.

मग शोध सुरू झाला, आणि खरं सांगते, सगळ्या कामातला मजेचा भाग हाच होता. आधी स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद. ओल दिसत होती तिथे अस्तरावर त्याचा तळहाताएवढा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद केला. सकाळी कागदाची केबिनकडची बाजू ओली असेल तर ती वाफ, मागची ओली असेल तर गळती. मागची होती. मग खिडकीच्या आतल्या कडेने टाल्कम पावडरचा पातळ थर पसरला आणि भावाला नळी घेऊन बाहेर उभं केलं.

नळीचा एक नियम आहे: खालून वर जायचं. वरून पाणी सोडलं तर ते सगळ्या फटींवरून ओघळतं आणि कुठली फट दोषी हे कळायला मार्ग राहत नाही. आम्ही खालच्या कडेवर दहा मिनिटं, मग दोन्ही बाजू, मग वरची कड असं चढत गेलो. मी आत टॉर्च घेऊन पालथी. वरच्या कडेला एके ठिकाणी पावडरमध्ये बारीक ओली रेघ उमटली, पण फारच बारीक. रात्रभरात उशी भिजवेल एवढं पाणी काही त्यातून येत नव्हतं. भाऊ कंटाळून छतावर नळी सोडून बसला, आणि दोन-तीन मिनिटांत धार सुरू झाली. पावडरीचा पार चिखल.

छतात नक्की कुठे, हे साबणाच्या पाण्याने सांगितलं. बागेतली पानं उडवायचा ब्लोअर मागून आणला. झडपा, हवेची भोकं, बेसिनचे निचरे, जे जे उघडं दिसलं ते बंद केलं. केबिनच्या दारात पुठ्ठा बसवून त्याच्या भोकातून ब्लोअरचं तोंड आत घातलं. केबिनमध्ये हवेचा दाब थोडासा जरी वाढला तरी जिथून पाणी आत येतं तिथून हवा बाहेर येते, एवढं साधं तत्त्व. बाहेर साबणाचं पाणी फवारत गेलो. छतावर धरायला जो लाकडी दांडा असतो, त्याच्या दुसऱ्या पायाशी बुडबुड्यांचा फुगाच उभा राहिला. खिडकीच्या वरच्या कडेलाही चार-पाच बुडबुडे आले. म्हणजे खिडकी निर्दोष नव्हती, पण मुख्य आरोपी दांडा होता. आणि मी वर्षभर खिडकीला सिलिकॉन चोपडत होते.

दांड्याचं काम एका शनिवार-रविवारचं. दांडा काढला, बोल्टची भोकं मोठी केली, आतलं भिजलेलं लाकूड उकरून वाळवलं, इपॉक्सी (दोन घटक मिसळले की कडक होणारी राळ) भरलं, ते घट्ट झाल्यावर त्यातून नवी भोकं पाडली. आता बोल्टच्या बाजूने पाणी शिरलंच तरी त्याला प्यायला लाकूड नाही. भोकाचं वरचं तोंड थोडं खोलगट केलं आणि खाली ब्युटिल रबराची पट्टी ठेवली. ब्युटिल सुकत नाही, वर्षानुवर्षं चिकट राहतं, आणि धातू-लाकूड-फायबरग्लास असल्या जोडांसाठी माझ्या मते त्याला तोड नाही. फक्त आवळताना घाई चालत नाही. थोडं आवळायचं, त्याला बाहेर सरकू द्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं. आणि बोल्ट फिरवायचा नाही. वरचं डोकं धरून ठेवायचं आणि आतून नट फिरवायचा, नाहीतर बोल्टभोवती बसलेलं सील आपल्याच हाताने पिळून तुटतं.

गळती तीन चतुर्थांश गेली. शहाण्या माणसाने इथे दोन महिने थांबायला हवं होतं. मी उरलेल्या चतुर्थांशासाठी खिडकी काढायला घेतली.

स्क्रू निघाले, खिडकी निघेना. जुनं सील आणि माझं सिलिकॉन दोघांनी मिळून तिला धरून ठेवलं होतं. बोथट पातं फिरवून कडेला लाकडाच्या पातळ पाचरी ठोकल्या आणि रात्रभर तशाच सोडल्या. सतत थोडा ताण राहिला की सील स्वतःहून हार मानतं, जोर करून उचकटलं की खिडकी मोडते. सकाळी ती हातात आली. खालचं दृश्य वाईट होतं. दोन कवचांमध्ये भरलेलं प्लायवूड वरच्या कडेला काळं पडलेलं, बोटाने दाबलं की पाणी सुटत होतं. ॲलन की वाकडी धरून ते एक-दीड सेंटीमीटर खोल उकरलं, हीटर लावून तीन आठवडे वाळवलं आणि चमचा उलटा केला तरी ओघळणार नाही इतकं घट्ट केलेलं इपॉक्सी त्या खाचेत दाबून भरलं. हा भाग मला चांगला जमला, म्हणून सांगतेय. पुढचा नाही जमला.

सिलिकॉन काढणं हे एक वेगळंच प्रायश्चित्त आहे. वाळलेल्या सिलिकॉनवर फक्त सिलिकॉनच चिकटतं. रंग, इपॉक्सी, दुसरं कुठलंही सील, काहीच धरत नाही. डोळ्यांना न दिसणारा थर उरला तरी नाही. ॲसिटोनने ते विरघळत नाही, नुसतं पसरतं. प्लास्टिकच्या पात्याने खरवडायचं, मग सिलिकॉन काढायचं खास द्रावण, मग पॉलिशपेपर, मग पुन्हा पहिल्यापासून. झालं की नाही हे बघायची सोपी युक्ती बोटी बांधणाऱ्या एका काकांनी दाखवली: पृष्ठभागावर पाणी शिंपडा. थेंब मोत्यांसारखे उभे राहिले तर अजून सिलिकॉन आहे, पाणी सपाट पसरलं तर जागा स्वच्छ. माझे मोती दोन दिवस जाईनात.

फायबरग्लास शेवटी ॲसिटोनने पुसलं, ते ठीकच. त्याच चिंधीने ॲक्रिलिकची कडही पुसली. दुसऱ्या दिवशी स्क्रूच्या प्रत्येक भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा होत्या. ॲक्रिलिकला ॲसिटोन, थिनर, अमोनिया असलेली काच पुसायची द्रावणं, काहीच चालत नाही. भोकं पाडल्याने जिथे आधीच ताण साठलेला असतो तिथे ते आधी फाटतं. कोमट पाणी आणि सौम्य साबण, बस्स. चाळीस वर्षं टिकलेली खिडकी मी एका चिंधीने संपवली. जुनी खिडकी साचा म्हणून ठेवून तिच्यावरून ८ मिलिमीटर जाडीची नवी कापून घेतली. ओतीव ॲक्रिलिकचीच घेतली. यंत्रातून दाबून काढलेला पत्रा थोडा स्वस्त पडतो, पण भेगांना लवकर बळी पडतो. पॉलिकार्बोनेट हे दुसरं पारदर्शक प्लास्टिक घ्यावं का, यावर आम्हा भावंडांचं भांडण झालं. ते हातोड्यालाही दाद देत नाही हे खरं, पण ओरखडे पटकन पडतात आणि उन्हात ॲक्रिलिकपेक्षा लवकर पिवळं पडतं. शिवाय आमची खिडकी बाहेरून टेकवलेली, लाट आदळली तर ती तिला भिंतीवरच दाबणार. ॲक्रिलिक ठरलं.

नवी खिडकी बसवताना मी सीलचा भरपूर थर दिला, खिडकी दाबली आणि सगळे स्क्रू एकदम गच्च आवळले. चारी बाजूंनी सील बाहेर आलं, ते सफाईने पुसलं. फोटो काढले. सगळे पावसाळी दिवस आत टिपूसही आलं नाही. आणि कडक उन्हाळ्यात एका दुपारी आत बसलेली असताना 'टक्' असा आवाज झाला. एका स्क्रूपासून कडेपर्यंत सरळ चीर गेली होती, आणि पुढच्या टोकाला नख घातलं तर सील ॲक्रिलिकपासून पापडीसारखं सुटत होतं.

काकांनी खिडकीकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, सील कुठंय?"

मी काळी रेघ दाखवली.

"ते सगळं तू पुसून काढलंस की. खाली राहिलं किती? कागदाएवढं. सील म्हणजे गोंद नव्हे, गादी आहे."

घरी येऊन हिशेब केला तेव्हा ते डोक्यात शिरलं. एक मीटर ॲक्रिलिक तापमान एका अंशाने वाढलं की साधारण ०.०७ मिलिमीटरने लांब होतं. ९० सेंटीमीटरची खिडकी, रात्रीचा गारवा आणि दुपारचं ऊन यांत ४० अंशांचा फरक, म्हणजे ती अडीच मिलिमीटर लांब होणार. खालचं फायबरग्लास तेवढ्यात फार तर एक-सव्वा मिलिमीटर वाढेल. उरलेला फरक दोन टोकांत वाटला गेला, म्हणजे प्रत्येक टोकाला अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची सरक, रोज. कागदाएवढं सील तेवढं ताणलं जाऊच शकत नाही, ते फाटतं किंवा सुटतं. तीन मिलिमीटर जाड असेल तर तीच सरक त्याला जाणवतही नाही. आणि स्क्रूच्या मापाचीच भोकं पाडून वर निमुळत्या डोक्याचे स्क्रू पाचरीसारखे घुसवले, की खिडकीला हलायला जागा कुठे? ती चिरणारच.

तिसऱ्या वेळी घाई केली नाही. सुटायचं शिल्लक राहिलेलं सील गिटारच्या पोलादी तारेने कापलं, दोन टोकांना लाकडाच्या मुठी बांधून, भाऊ आत आणि मी बाहेर, करवतीसारखं. भिंत पुन्हा मोती-परीक्षेत पास केली. नव्या खिडकीवरचा संरक्षक कागद काढला नाही, फक्त कडेची जी पट्टी चिकटणार तेवढाच कापून काढला आणि ती पट्टी बारीक पॉलिशपेपरने खरखरीत केली. भोकं ५ मिलिमीटरच्या बोल्टसाठी ८ मिलिमीटरची पाडली. ॲक्रिलिकला ड्रिलचं टोक थोडं बोथट करून घ्यावं लागतं, धारदार टोक पलीकडे निघताना कपच्या उडवतं.

गादीची जाडी नेमकी राहावी म्हणून आतल्या कडेने ३ मिलिमीटर जाडीची दुहेरी चिकट फोमची पट्टी लावली. तिने तीन कामं केली: अंतर राखलं, खिडकी जागच्या जागी धरली आणि सील केबिनमध्ये ओघळू दिलं नाही. मग उंच इमारतींच्या काचा ज्याने बसवतात ते सिलिकॉन, डाऊसिल ७९५. त्याला आंबट वास येत नाही आणि ते मूळ मापाच्या निम्म्याइतकं ताणणं-दाबणं सोसतं. बोटीवर सर्रास वापरलं जाणारं पॉलिसल्फाइडचं सील इथे मुद्दाम टाळलं, ते ॲक्रिलिक खातं. साधं पॉलियुरेथेनचं सीलही नको, प्लास्टिकसाठीचं खास आणि प्रायमरसकट असेल तर गोष्ट निराळी. नळीचं तोंड फटीत खोल घालून सावकाश पुढे ढकलत भरलं, मागे ओढत नाही, म्हणजे आत हवा अडकत नाही. वीस मिनिटांत वर साय धरायला लागते, त्याच्या आत ओल्या बोटाऐवजी वाकवलेल्या प्लास्टिकच्या तुकड्याने एकच लांब हात फिरवला आणि सील ओलं असतानाच मास्किंग टेप सोलली. हे वाक्य लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात भाऊ टेपच्या गुंडाळीत अडकला आणि आम्ही दोघं काळे झालो.

केबिनची भिंत किंचित वाकडी असल्यामुळे खिडकीची टोकं उठू पाहत होती. म्हणून वरून लाकडी पट्ट्या आणि पट्टे बांधून ती तीन आठवडे दाबून ठेवली, पण फोमच्या जाडीपलीकडे नाही. बोल्ट त्यानंतर घातले, खाली रबरी वॉशर, आणि फक्त बोटांनी आवळले. सिलिकॉन एकटंही पुरेसं आहे असं सांगणारे खूप आहेत आणि त्यांचं म्हणणं बहुधा खरंही असेल. मला खालच्या फळीवर झोपायचं असतं, म्हणून बोल्ट.

डावी खिडकी पुढच्या वर्षी याच पद्धतीने, चार दिवसांत. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

उघडत्या खिडकीचं आणि झडपेचं गणित वेगळं, तिथे सील म्हणजे रबराची पट्टी. आमची चपटी होऊन काचेसारखी कडक झाली होती. ईपीडीएम नावाच्या रबराची नवी बसवली. बसवताना ती ताणायची नाही, उलट जरा लांबच कापायची, कारण ताणलेलं रबर काही महिन्यांत आक्रसतं आणि जोडाशी फट पडते. जोड कोपऱ्यात न ठेवता बिजागरीच्या बाजूला मधोमध. मग कागदाची पट्टी कडेवर ठेवून झडप बंद करायची आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर तिथे रबर टेकत नाही. आमच्याकडे एका कोपऱ्यात निघत होती, बिजागरीखाली पातळ चकती घातल्यावर अडकायला लागली. भाऊ मात्र अजूनही खिट्टी सगळं बळ लावून आवळतो. त्याने गळती थांबत नाही, रबर लवकर मरतं. आणि पेट्रोलियम जेली किंवा तेल लावू नये, ईपीडीएम फुगतं. सिलिकॉन ग्रीसचं बोट पुरतं.

देखभाल म्हणाल तर फार नाही. फिरून आलो की गोड्या पाण्याने धुणं, कारण वाळलेलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं आणि रबराखाली खरखरतं. बोट उभी असताना खिडक्यांवर कापडी झाकण. वर्षातून दोनदा कडेने अंगठा दाबत जाते. ॲक्रिलिकमधून बघितलं तर धरलेलं सील एकसारखं काळं दिसतं, सुटलेलं चांदीसारखं चमकतं. असा ठिपका दिसला की वहीतल्या चित्रावर खूण आणि तारीख. सध्या उजवीकडे एक आहे, तांदळाएवढा, दीड वर्षात वाढलेला नाही. त्याच्यावर बाहेरून काहीही चोपडायचं नाही, अशी भावाकडून मी शपथ घेतलीय आणि त्याने माझ्याकडून.

मागच्या पावसात मध्यरात्री कपाळावर थेंब पडला. मी अंधारातच चाखला. गोड. उठून टॉर्च लावला, पावडर काढली, खिडकीच्या कडेने फिरवली, अस्तराला कागदाचा तुकडा लावला आणि जागी राहिले. भाऊ समोरच्या फळीवर घोरत होता. सगळ्या फटी बंद, झडप गच्च, दोन माणसं आठ तास श्वास सोडतायत. पहाटे कागद बघितला: मागची बाजू कोरडी ठणठणीत, केबिनकडची थबथबलेली. भावाने गच्च आवळलेली खिट्टी सोडवली आणि झडप बोटभर उघडी ठेवली.